मांजऱ्या शांत आहे

सापांविषयी आमच्याकडं लोकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. "चावला तर माणूस मरतं का न्हाई, तेवढं सांगा." मरतं म्हटलं की काठी आणतात आणि मरत नाही म्हटलं तरी काठीच आणतात, फक्त जरा सावकाश. शास्त्रानं विषारी आणि बिनविषारी यांच्यामध्ये निमविषारी असा एक प्रकार ठेवलाय. मी लातूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी कळलं की हा मधला प्रकार कुणालाच नको आहे. पोरांना नको, कारण त्यावर परीक्षेत प्रश्न पडत नाही. शेजाऱ्यांना नको, कारण 'मरत नाही, पण बोट सुजतं' या उत्तरानं त्यांची फसवणूक झाल्यासारखी वाटते. मी स्वतः सगळीकडं मधल्या बाकावर बसलेला माणूस, म्हणून असेल, मला या सापांविषयी जिव्हाळा होता.

मांजऱ्या हा त्यातला. फार तर दोन हात लांब, करंगळीएवढा जाड, मातकट, पाठीवर पांढुरक्या वेड्यावाकड्या खुणा. डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी, त्यावरून नाव पडलं. विषाचे दात जबड्यात पार मागं. पालीला धरून ठेवलं की पाल सुस्तावते, एवढीच त्याची ताकद. बिचाऱ्याचं नशीब असं की तो दिसतो फुरशासारखा आणि चिडला की फुरशासारखाच वेटोळं घालून तोंड मारतो. फुरसं खरंच जीव घेतं. त्यामुळं फुरशाच्या नावावर गावोगाव जेवढे मांजऱ्या मारले गेले असतील, तेवढी फुरशी मेली नसतील. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण असेल तर तो मांजऱ्या, हे ओळखायला नांदेडला शिकताना शिकलो होतो. गोदावरीकाठच्या झाडोऱ्यात हिंडून मी पदवी मिळवली आणि मांजऱ्याकडून अंगठ्याला दोनदा चावून घेतलं. पदवीपेक्षा त्या चाव्यांनी मला जास्त शिकवलं, पण ते अर्जात लिहिता येत नाही.

वडील गेल्यावर आई माझ्याकडं लातूरला राहायला आली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी भूकंप झाला. आमच्या भाड्याच्या घराला काही झालं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक तडा गेला, तोही पोस्टकार्ड शिरेल एवढाच. पण आईचं माहेर औशाच्या खालच्या अंगाला. तिकडची घरं दगडमातीच्या रुंद भिंतींची, वर लाकडं टाकून मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार, म्हणून त्या घरांचं फार कौतुक होतं. गणपती बोळवून लोक झोपले आणि माळवदं खाली आली. आईची धाकटी बहीण त्यात गेली. मी आईला घेऊन गेलो तेव्हा तिला बहिणीचं घर कुठं होतं तेच ओळखू येईना. शेवटी चिंचेच्या झाडापासून पावलं मोजत तिनं जागा काढली. परत येताना जीपमध्ये ती एवढंच बोलली, "आत झोपली म्हनून गेली."

त्या दिवसापासून आई छताखाली झोपली नाही. सुरुवातीला अख्खं लातूर बाहेर झोपत होतं, त्यामुळं त्यात वेगळं काही वाटलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एकेक घर लाजत लाजत आत गेलं. आई अंगणातच राहिली. चार बांबूंवर पत्रा टाकून मी तिला आडोसा करून दिला. तिला जुना दमा. पहिला हिवाळा तिनं खोकत काढला, पावसाळ्यात अंथरूण ओलं झालं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या बाईनं अजून एक हिवाळा बाहेर काढला तर ती पुढचा पाहील याची खात्री नाही. आईला आत आणायचं आणि दिवाळीच्या आधी आणायचं, एवढं एकच काम माझ्यापुढं उरलं.

समजावणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी तिला खांब दाखवले, वर स्लॅब आहे, माळवद नाही, हे सांगितलं, वहीत घराचं चित्र काढून कुठं किती लोखंड आहे तेही दाखवलं. तिनं चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या मावशीच्या घराला शंभर वर्सं झालती. त्यालाबी तवर काई झालं न्हवतं." मी वही मिटली.

याच काळात लातूरला शिकवण्यांचा सुकाळ आला. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत इथली पोरं वर दिसायला लागली आणि नांदेड, परभणी, बीडकडचे आईबाप आपापली लेकरं आणून लातुरात ठेवायला लागले. आमच्या शेजारच्या काकूंनी म्हशी विकल्या, गोठ्याला फरशी घातली, चार खोल्या पाडल्या आणि प्रत्येकीत तीन-तीन मुली ठेवल्या. म्हशींच्या मानानं मुली जास्त दूध पितात अशी त्यांची तक्रार असे. मी सकाळी कॉलेजात आणि दुपारी एका क्लासात शिकवायचो. क्लासचे मालक मला प्रेमानं सांगत, "सर, पोरांना विचार करायला लावू नका, लई वेळ जातो." पगार ते वेळेवर देत, म्हणून मीही जास्त विचार करत नसे.

गल्लीच्या तोंडाशी चाचांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. त्यांच्या आजोबांपासून धान्याच्या कोठ्या बनवायचं काम. भूकंपानंतर शेडचे पत्रे खपले आणि मग क्लासच्या पोरांच्या ट्रंका. दिवसभर त्यांची हातोडी चालू असे. एके दुपारी त्यांच्या पत्र्यांच्या चळतीमागून 'फुरसं' निघालं. मी क्लासहून येत होतो. दुकानापुढं दहा-बारा माणसं आणि पाच-सहा काठ्या. वाकून पाहिलं तर डोक्यावर वाय. मी लोकांना बाजूला केलं, काठीनं हळूच उचलून त्याला समोरच्या नव्या कोऱ्या ट्रंकेत सोडलं आणि झाकण लावलं. चाचांनी खिळा घेऊन वरून हवेसाठी भोकं पाडली. काम झाल्यावर म्हणाले, "सरजी, ही ट्रंक तुमीच ठेवा. इसमें अब कोई कपडे नै रखेगा."

आई म्हणाली, "ते घरात आणायचं न्हाई." झालं, ट्रंक अंगणात पत्र्याखाली राहिली, आईच्या बाजेपासून चार पावलांवर. अंगण हे घर नव्हे, हा आईचाच मुद्दा होता, त्यामुळं तिला नाही म्हणता येईना. पुढं चाचांनी ट्रंकेची एक बाजू कापून काच बसवून दिली. महिन्याभरानं जवळच्या मुरुडहून एका ओळखीच्या शेतकऱ्यानं अजून एक मांजऱ्या बरणीत घालून आणला. शेपटीवरून पाहिलं तर हा नर होता आणि आमचा पहिला साप मादी होता. साप पाळणं कायद्यानं गुन्हा आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी त्याला अभ्यास म्हणत असे. त्या दिवसांत लातुरात अभ्यास म्हटलं की सगळं माफ होतं.

काच बसवायला आले तेव्हा आईनं चाचांना चहा दिला. चहा पिता पिता ते म्हणाले, "भूकंपाच्या आदल्या दिवशी खेड्यांतून साप बाहेर निघाले होते म्हणतात. इसको पहलेच मालूम होता, सरजी. जमीन को पेट लगाके सोता ना." आईनं कपबशी उचलली. संध्याकाळी मी सापांसाठी पाली धरायची बाटली धूत होतो, तेव्हा तिनं विचारलं, "खरं हाय का रे? त्याला आधी कळतं?"

खरं उत्तर मला पाठ होतं. सापाला जमिनीची थरथर जबड्यातून जाणवते, हे खरं. भूकंप व्हायच्या आधीच तो कळतो, याला भरवशाचा पुरावा नाही. शिवाय पाळलेला साप खेड्यातल्या सापासारखा वागेलच असं नाही. हे सगळं सांगायला चार वाक्यं लागली असती. आईचा श्वास त्या दिवशी सकाळपासून शीळ घालत होता. मी म्हणालो, "कळतं."

"मग आत्ता काय म्हनतोय?"

मी काचेतून पाहिलं. मादी वेटोळं करून झोपली होती. "शांत आहे," मी म्हणालो.

त्या दिवशी आईनं अंथरूण दारापाशी ओढलं, अर्धं आत अर्धं बाहेर. चार दिवसांनी उंबऱ्याच्या आत आणलं. दिवाळीला ती मधल्या खोलीत भिंतीपाशी झोपत होती. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली. मी हो म्हटलं.

आता या खोटेपणातली कारागिरी सांगतो, कारण तिचा मला बराच काळ अभिमान होता. मांजऱ्या हा अंधारात हिंडणारा साप. दिवसभर तो झोपतो आणि दिवे लागले की जागा होऊन ट्रंकभर फिरायला लागतो. आईनं ते पाहिलं असतं तर रोजच भूकंप येणार होता. म्हणून मी पाहणीची वेळ नेमून दिली, दिवेलागणीच्या आधी. त्यानंतर सापाला बघायचं नाही, त्याला त्रास होतो, असं सांगून ट्रंकेवर जुनं लुगडं टाकायचं. रोज त्या वेळी आई हात पुसत यायची, वाकून काचेत बघायची. "शांत हाय," असं स्वतःशीच म्हणून ती देवाजवळ दिवा लावायला आत जायची.

गोष्ट गल्लीत पसरायला आठवडा लागला. पहिल्यांदा काकूंनी भिंतीवरून विचारलं, "सर, शांत हाय का?" मग पलीकडच्या घरातून, मग समोरून. वरवर सगळे हसत विचारायचे, पण उत्तर मिळेपर्यंत कुणी आत जायचं नाही. मी एकदा मुद्दाम उत्तर दिलं नाही, तर दोन घरांनी बाजा बाहेर काढल्या. तेव्हापासून मी अंगणात उभा राहून मोठ्यानं सांगायला लागलो, "शांत आहे!" काकू नांदेडहून आलेल्या पालकांना खोल्या दाखवताना पाणी, मेस आणि शेजारच्या सरांचा साप अशा सोयी सांगत. एका आईनं तर खोली नक्की करायच्या आधी साप प्रत्यक्ष पाहून घेतला. क्लासच्या मालकांच्या कानावर गेलं तेव्हा ते आधी भडकले आणि मग विचारात पडले. "सर, भूकंपाच्या भीतीनं लई अॅडमिशनी जातात हो आपल्या," ते म्हणाले. मी जाहिरातीला नकार दिला. तत्त्वाबित्त्वाचं काही नव्हतं, वनखात्याची भीती होती.

पुढच्या उन्हाळ्यात व्हायचं ते झालं. पोरांची प्रवेश परीक्षा आठ दिवसांवर आलेली. मी क्लास संपवून घरी आलो तर गल्लीत रस्त्यावर बाजा, गाद्या, स्टोव्ह. मुलींनी आपापल्या ट्रंका उचलून रस्त्याच्या मध्यावर मांडल्या होत्या आणि त्यांवर बसून त्या रडत रडत पाठांतर करत होत्या. दोघी-तिघी नांदेडला घरी फोन लावायला गेल्या होत्या. क्लासचे मालक स्कूटरवरून येऊन पोहोचले होते. "सर, हे काय लावलंय? आठ दिवस राहिलेत!" जणू भूकंपाला मीच तारीख दिली होती.

अंगणात आई ट्रंकेपुढं बसली होती. भर दुपारपासून मादी काचेला घासत फिरत होती. कोपऱ्यात जायची, तोंड खुपसायची, परत फिरायची, वर चढायची, पडायची. तीन दिवसांपासून तिनं पालही खाल्ली नव्हती. मी तिचा एक फेरा पुरा होईपर्यंत पाहिलं. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, आणि त्या क्षणी मी पहिल्यांदा आमच्या घराच्या छताकडं बघितलं.

आई मात्र तिच्याकडंच बघत राहिली होती. म्हणाली, "अरे, ही भ्यालेली न्हाई. दिवस भरलेत हिचे. बघ की, जागा हुडकून राहिली बिचारी."

मी वाकून पाहिलं. पोटाचा मागचा भाग टम्म फुगला होता. त्या फुगवट्याचं श्रेय मी महिनाभर पालींना देत होतो. नर आणि मादी एका ट्रंकेत ठेवून पुढं काय होतं हे मी वर्षाला दोनशे पोरांना शिकवत होतो, आणि माझ्या अंगणात ते घडलं तर मला पाली जास्त झाल्यासारखं वाटलं. आईनं जुनं मडकं आणलं, तळाला ओलसर वाळू आणि वर काथ्या घातला, नराला बाहेर काढायला लावलं आणि मडकं आडवं ट्रंकेत ठेवलं. मादी दोन वेळा हुंगून आत गेली ती बाहेर आलीच नाही. आईनं उठून गल्लीला सांगितलं, "जावा घरात. बाळातपन हाय, भूकंप न्हाई." लोक हसले आणि बाजा आत गेल्या. मालकांनी स्कूटर चालू करता करता मला बजावलं, "पुढच्या टायमाला परीक्षा झाल्यावर बघा."

सकाळी मडक्यात लांबोळकी पाच अंडी होती, एकमेकांना चिकटलेली. अंडी हलवायची नाहीत, उलटी करायची नाहीत, हे मी आईला सांगायच्या आतच तिनं त्यांवर ओलं फडकं टाकलं होतं. पुढं चाळीस-एक दिवस मडकं तिच्या ताब्यात होतं. फडकं किती ओलं ठेवायचं यावरून तिनं माझी पुस्तकी अक्कल बऱ्याचदा काढली, आणि तिचंच बरोबर निघालं. पाचांतून तीन पिल्लं निघाली. वीतभर लांब, सुतळीएवढी, आणि जन्मल्या जन्मल्या तोंड मारायला तयार. त्यांना बोटाच्या पेराएवढ्या पाली लागत. पाल चुकचुकली की 'कृष्ण कृष्ण' म्हणणारी माझी आई आता आवाजाच्या दिशेनं बघून पालीचं माप घ्यायची. "ही मोठी हाय, यांच्या आईला घाल," असं सांगायची. तिला इतक्या आनंदात मी वडील असतानाही पाहिलं नव्हतं.

पिल्लांची बातमी फुटल्यावर मागणी सुरू झाली. प्रत्येकाला आपल्या घरचा साप हवा होता. भिंतीवरून विचारायला कमीपणा वाटतो म्हणे. काकूंनी तर एक पिल्लू आणि एक ट्रंक असा हिशेबच मांडला. चाचांनी भोकं पाडलेल्या दोन ट्रंका उत्साहानं करूनही ठेवल्या. मी सगळ्यांना नाही म्हटलं आणि रागावलो. लोकांना काय वाटतं, हा खेळ आहे? पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवता? असं मी त्यांना तावातावानं विचारलं. ते मुकाट्यानं ऐकून घेत आणि जाता जाता विचारत, "बरं, आज शांत हाय ना?" क्लासमध्ये पोरांना नक्की डॉक्टर होशील असं सांगायचो तेव्हा कुणी पुरावा मागत नसे, आणि मीही रागवत नसे.

आईनं दुसरा हिवाळा आत काढायला घेतला. श्वास सुधारला. माझा प्रयोग यशस्वी झाला होता. मीही रोज आल्या आल्या ट्रंकेकडं वळायचो. आधी आईला हाक मारून, पाणी पिऊन मग जायचो. नंतर नंतर चपला काढायच्या आधी जायला लागलो. पेपर तपासायला नांदेडला गेलो की आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर फोन करून तिथल्या माणसाला विचारायचो, साप कसा आहे, आणि मग, आई कशी आहे. हा क्रम कधी बदलला ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी मनाशी म्हणायचो की हे सगळं आईसाठीच आहे.

एक दिवस, थंडीतच, दिवेलागणीच्या थोडं आधी मी पुढच्या खोलीत चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. आधी जमिनीखालून लांबून ट्रॅक्टर यावा तसा आवाज आला. मग मांडणीवरची भांडी वाजली, खिडकीची काच वाजली आणि टेबल माझ्या कोपरांखालून सरकलं. मी उठून पळालो. अंगणात गेलो, ट्रंकेपाशी गुडघ्यावर बसलो आणि काचेला तोंड लावून पाहिलं. मादी वेटोळं करून, वेटोळ्यावर डोकं ठेवून झोपली होती. तिनं जीभही बाहेर काढली नाही.

"शांत आहे," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, आणि मला खरोखर हायसं वाटलं.

मग मला आठवलं की आई आत आहे.

तोवर हादरा थांबला होता. आई दारात उभी होती. एक हात पिठाचा, दुसरा चौकटीला धरलेला, श्वास लागलेला. तिनं मला ट्रंकेपुढं बसलेलं पाहिलं. गल्ली सगळी रस्त्यावर आली होती. भिंतीपलीकडून काकू ओरडल्या, "सर, शांत हाय का?" सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "शांत आहे!" रस्त्यावर मोठा सुस्कारा ऐकू आला. कुणीतरी म्हणालं, "बघा, त्याला कळलं, पडनार काई न्हाई म्हनून." लोक एकमेकांना ते समजावत आपापल्या घरात गेले. सापाला काहीच कळत नाही याचा डोळ्यांदेखत पुरावा मिळाला होता, आणि त्याच संध्याकाळी गल्लीचा विश्वास कायमचा पक्का झाला.

आई माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "मला हाक तरी मारायचीस."

आत तव्यावर भाकरी करपली होती. तिनं ती काढून टाकली आणि दुसरी थापली. मी ताटावर बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी कबूल केलं, "आई, त्याला काही कळत नाही. मी तेव्हा खोटं बोललो होतो."

"ते दिसलं की आज. जिमीन हालली तरी झोपलेलं हुतं."

"मग बाहेर अंथरूण टाकू?"

तिनं भाकरी उलटली. "कशाला? साप हालला की तू मला हाक मारशील, म्हनून झोपत हुते आत. आता तेबी न्हाई. मग आत काय आन् भाईर काय. माझं मी बघीन."

मी जेवलो. तिनं वाढलं तेवढं सगळं खाल्लं, कारण नको म्हणायचं तोंड नव्हतं. ती मधल्या खोलीत भिंतीपाशी झोपली. ट्रंकेकडं ती पुन्हा कधी गेली नाही.

ऊन जरा तापायला लागल्यावर मी दोन्ही मोठे साप आणि पिल्लं पिशव्यांत घालून चाकूरच्या पुढं खडकाळ माळावर सोडून आलो. आई येते का म्हणून विचारलं होतं, तिनं भाजी निवडायची आहे असं सांगितलं. गल्लीला मी खरं काय ते सांगितलं, अंगणात उभं राहून, पुराव्यासकट. शिकवण्यात माझा हातखंडा, पण एकाही माणसाला पटलं नाही. सरांचा साप नेला कुणीतरी जास्त पैसे देऊन, असं काकू नांदेडच्या पालकांना बरीच वर्षं सांगत होत्या.

आई पुढं पुष्कळ वर्षं जगली, सगळे हिवाळे आत झोपून. डॉक्टर त्याचं श्रेय गोळीला देतात. मला जे हवं होतं ते असं पुरेपूर मिळालं. मी पुढच्या खोलीत झोपायचो. रस्त्यानं उसाचा ट्रक गेला, वर टाकीचा पंप लागला, कुठं काच वाजली, की झोपेतसुद्धा माझ्या तोंडून पहिल्यांदा तेवढीच हाक निघायची, "आई!" मधल्या खोलीतून उत्तर यायचं, "ट्रक हाय तो. झोप." बहुतेक वेळा ट्रकच असायचा.